सायकल आधी पिशवीत भरा

तोकियोच्या ओजिमातल्या मराठी मंडळींनो, होक्काइदोच्या सायकलवारीचा बेत आधी रद्द करा.

दर वसंतात हेच चालतं. गोल्डन वीकची सुट्टी जवळ आली की सहा-चोमेच्या इमारतींमधून सायकलवारीची भाषा सुरू होते. फोनवरच्या गटात नकाशे पडतात, कोणता तंबू हलका यावर मध्यरात्रीपर्यंत खल होतो, कार्बनच्या सायकलींच्या किमती एकमेकांना पाठवल्या जातात. मग मे उलटतो आणि सायकल दिवाणखान्याच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून उभीच राहते. पैसा आहे, हौस आहे, अंगात ताकद आहे. पण पहिलाच दौरा इतका अवाढव्य आखलेला असतो की तो घराबाहेर पडूच शकत नाही.

यात आपल्या आदर्शांचाही भाग आहे. नागपूरचे डॉ. अमित समर्थ अमेरिका आडवी कापणारी शर्यत एकट्याने पुरी करून आले. नाशिकच्या डॉक्टर महाजन बंधूंनी त्याआधी ती जोडीने केली होती. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, १५९ दिवसांत सुमारे २९ हजार किलोमीटर काटून पृथ्वीप्रदक्षिणा घातली. यांचा अभिमान वाटलाच पाहिजे. पण ही शर्यतीची आणि विक्रमाची माणसं. त्यांच्या आकड्यांवरून आपला पहिला शनिवार आखणं धोक्याचं आहे.

मोजमाप हवंच असेल तर मुंबईच्या पारशी तरुणांचं घ्या. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा जण मुंबईहून सायकलींवर निघाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे मार्च १९२८ मध्ये जग फिरून परतले. वाटेत जपानही होता. अंतर सुमारे ७१ हजार किलोमीटर. आता भागाकार करून बघा. मुक्काम, आजारपण, बोटीचे दिवस सगळे धरले तर दिवसाला चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर पडतात. पृथ्वी एवढ्यावर फिरून होते. मग पहिल्याच दिवशी दीडशे किलोमीटरची घाई कशासाठी?

माझा आग्रह एकच आहे. लांब जायला शिकण्याआधी परत यायला शिका. जपानमध्ये त्याचं साधन फार स्वस्तात मिळतं. इथे त्याला ‘रिंको’ची पिशवी म्हणतात. सायकलची चाकं काढायची, सगळी सायकल पिशवीत भरायची आणि खांद्याला लावून आगगाडीत चढायचं. जेआर रेल्वेवर त्याचं वेगळं भाडं लागत नाही. लांबी, रुंदी, उंचीची बेरीज अडीचशे सेंटीमीटरच्या आत, लांबी दोन मीटरच्या आत आणि वजन तीस किलोच्या आत असलं की झालं. एकच अट कडक आहे, सायकल पूर्ण झाकलेली हवी. हॅण्डल किंवा चाक बाहेर डोकावतंय, वर कचऱ्याची पिशवी गुंडाळली आहे, असलं चालत नाही.

ती भरण्याची रीत एकदा जवळून पाहा. चेन मागच्या सगळ्यात लहान चकतीवर आणायची. सायकल उलटी करून सीट आणि हॅण्डलवर उभी करायची. दोन्ही चाकं सोडवायची आणि सांगाड्याच्या दोन बाजूंना एकेक लावून तीन ठिकाणी पट्ट्यांनी आवळायची. मागचा गिअर जमिनीला टेकून वाकणार नाही, याकडे खास लक्ष द्यायचं, कारण तो वाकला की दौरा संपला. मग खांद्याचा पट्टा सांगाड्याला बांधायचा आणि वरून पिशवी चढवायची. पट्टा नुसत्या पिशवीला बांधला तर जिन्यातच शिवण उसवते. पहिल्यांदा अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागेल, बोटं काळी होतील, एक पट्टी कुठे लावायची ते आठवणार नाही. म्हणून हे इमारतीखाली, उजेडात, घाई नसताना करा. हात बसला की पंधरा मिनिटांचं काम आहे. गाडीत पहिल्या किंवा शेवटच्या डब्यात, सकाळची गर्दी टाळून, दाराला आडवं न येता उभं राहा.

हे जमलं की मनातली अर्धी भीती जाते. पाऊस आला, ताप आला, स्पोक तुटला, गुडघा बोलू लागला, तरी कांतोच्या सपाटीत स्टेशन कधी फार लांब नसतं. आणि एकाच दिशेने जायची मोकळीक मिळते. हिवाळ्यात इथे वायव्येचा वारा नदीकाठावर छातीवर येतो. परत सायकलनेच यायचं असेल तर आधी वाऱ्याविरुद्ध जा आणि दमल्यावर पाठीवर वारा घेऊन घरी या. परतीला गाडी असेल तर वारा पाठीशी ठेवून निघालं तरी चालतं.

आता कुठे जायचं? यासाठी ओजिमाइतकी चांगली जागा तोकियोत शोधून सापडणार नाही, आणि तिथेच राहणाऱ्यांना ते माहीत नाही. हिगाशी-ओजिमा स्टेशनातून बाहेर पडा. पाच मिनिटांवर नाकागावाच्या जुन्या नौका-चौकीचं छोटं संग्रहालय आहे. ओजिमाच्या दक्षिणेने वाहणारा ओनागी कालवा तोकुगावा इयेयासूने खणवला तो ग्योतोकूच्या मिठागरांतलं मीठ एदो शहरात आणण्यासाठी. १६६१ मध्ये जहाजतपासणीची चौकी या कालव्याच्या तोंडाशी आली. पूर्वेकडून शहरात येणारी प्रत्येक होडी इथे थांबायची. पॅसिफिकच्या किनाऱ्यावरच्या चोशीहून माल तोने नदीने वर चढायचा, सेकियादोला वळून एदो नदीने खाली यायचा आणि कालव्याने ओजिमावरून शहरात शिरायचा. नोदाचा सोया सॉसही याच पाण्याने आला.

तुमचा पहिला दौरा हाच मार्ग उलटा धरून करायचा.

शनिवारी सकाळी सातला निघा. पुलावरून आराकावा ओलांडा. ही नदी नैसर्गिक वाटते, पण १९१० च्या महापुरानंतर १९११ ते १९३० या काळात माणसांनी खणलेली ती वाट आहे, आणि त्या कामावरचा अभियंता आओयामा आकिरा पनामा कालव्यावर काम करून आलेला होता. तिचा काठ रोजच्या सरावासाठी उत्तम. पण दौऱ्यासाठी पुढे शिनोझाकीपर्यंत जाऊन एदो नदीचा बांध गाठा. बांधावर मोटारी नाहीत, चढ नाही, सिग्नल नाही. डावीकडे शिबामाता लागेल, तोरा-सानच्या चित्रपटांचं गाव. थांबा, चहा घ्या. मग मात्सुदो, नागारेयामा आणि संध्याकाळच्या कितीतरी आधी नोदा. अंतर चाळीसेक किलोमीटर. नोदाला स्टेशनजवळ साधं हॉटेल आधीच आरक्षित केलेलं असू द्या. कपडे धुवायचं नाण्याचं यंत्र आहे का आणि पिशवीतली सायकल खोलीत नेऊ देतात का, हे दोन प्रश्न आरक्षणाच्या वेळीच विचारा.

रविवारी वर सेकियादोला जा. एदो नदी तोनेपासून जिथे फुटते तिथे किल्ल्याच्या बांधणीचं संग्रहालय आहे. तिथून तोनेच्या काठाने खाली तोरिदेपर्यंत आणखी चाळीसेक किलोमीटर. तोरिदेला पिशवी काढा, सायकल भरा, जोबान मार्गाची गाडी पकडा. रात्रीचं जेवण घरी.

कवी बाशो याच कोतो वॉर्डातल्या फुकागावाहून १६८९ मध्ये उत्तरेच्या महिनोन्‌महिन्यांच्या पायपिटीला निघाला. पण त्याचाही पहिला टप्पा सेंजूपर्यंत होडीने होता. सुरुवात सोपी ठेवण्यात कमीपणा कसला?

सायकलीचं बोलू, कारण सगळ्यात जास्त पैसा तिथेच वाया जातो. कार्बनची शर्यतीची सायकल दौऱ्याला घेऊ नका. तिला कॅरिअर बसवायला बहुधा भोकं नसतात, टायर अरुंद असतात आणि चढावर लागणारे हलके गिअर नसतात. ॲल्युमिनियमची किंवा पोलादाची साधी सायकल घ्या. दुकानात तीन गोष्टी पाहा. मागे कॅरिअर लागतो का? बत्तीस मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायर बसतो का? आणि पुढच्या सर्वांत लहान चकतीचे दात मागच्या सर्वांत मोठ्या चकतीएवढे किंवा त्याहून कमी आहेत का? असतील तर पेडलच्या एका फेरीत सायकल जेमतेम दोन मीटर सरकते. ओझं घेऊन घाट चढायला नेमकं तेच लागतं.

सीटची उंची नीट करा. पेडल सर्वांत खाली असताना टाच त्यावर टेकली की पाय सरळ झाला पाहिजे. आपली बहुतेक माणसं सीट खाली ठेवतात आणि गुडघ्यांना दोष देतात. गादीची चड्डी घ्या आणि तिच्या आत दुसरी घालू नका. त्या दुसऱ्या चड्डीच्या शिवणीनेच मांड्या सोलतात. हे कोणी तोंडाने सांगत नाही, म्हणून लिहितो आहे.

ओझं सहा-सात किलो पुरे, आणि ते सगळं कॅरिअरच्या दोन बाजूंच्या बॅगांत. पाठीवर काही नको. दोन ट्यूब, टायर काढायचे लिव्हर, ठिगळं, हातपंप, पान्यांचा जुडगा, पावसाचा कोट, कपड्यांचा एक जोड, पुढचा-मागचा दिवा, चार्जर. तंबू पहिल्या दौऱ्याला नकोच. रस्त्याकडेची ‘मिची-नो-एकी’ विश्रांतिस्थळं देशभर बाराशेंच्या वर आहेत. ती पाणी, स्वच्छतागृह आणि ताज्या भाजीसाठी आहेत. तिथे तंबू ठोकायचा समज मनातून काढून टाका.

हवेच्या व्हॉल्व्हची गंमत इथे पुष्कळांना नडते. बाजारहाटाच्या ममाचारी सायकलीला आपल्या गावाकडच्यासारखा जुना इंग्रजी व्हॉल्व्ह असतो, दौऱ्याच्या सायकलीला बारीक फ्रेंच. ममाचारीचा पंप फ्रेंच व्हॉल्व्हला थेट लागत नाही. आपला पंप जवळ ठेवा. पंक्चर काढायचा सराव घरी मागच्या चाकावर करा, कारण काटा हमखास मागेच लागतो आणि तिथे चेन आडवी येते. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून बोट सावकाश पूर्ण फिरवा. काच किंवा तार तशीच राहिली तर नवी ट्यूब शंभर मीटरवर बसते.

आता एक बोलणं नवरेमंडळींशी. तुमच्या घरात ओझं घेऊन सायकल चालवायचा अनुभव कोणाला आहे? पुढे एक मूल, मागे एक मूल, हॅण्डलला भाजीची पिशवी, अशी, रिकामीच तीस किलोच्या आसपास भरणारी विजेवरची ममाचारी पावसाळी सकाळी पाळणाघरापर्यंत कोण नेतं? बहुतेक घरांत बायकोच. वजन मागे गेलं की पुढचं चाक कसं हलकं होतं, ओल्या लोखंडी झाकणावर ब्रेक का लावायचा नाही, वळणावर किती आधी वेग कमी करायचा, हे ती रोज करते. आणि दौऱ्याच्या बेतात तिचं काम काय, तर डबा करून देणं. हे मला अजिबात पटत नाही. दौरा दोघांचा आखा. मुलांना एका शनिवार-रविवारी शेजारी ठेवा, पुढच्या वेळी त्यांची मुलं तुम्ही सांभाळा. आणि तुमची जुनी सायकल सीट खाली करून तिच्या गळ्यात मारू नका. दीडशे सेंटीमीटर उंचीच्या माणसाला बसतील अशा लहान मापाच्या चांगल्या सायकली जपानमध्ये सहज मिळतात. सायकल अंगाची नसेल तर मान आणि मनगटं पहिल्याच दिवशी दुखतात, आणि मग “तिला आवडत नाही” असं म्हणून विषय मिटवला जातो.

कागदपत्रांत हयगय नको. प्रत्येक सायकलीची चोरीविरोधी नोंदणी असते आणि पोलीस रात्री थांबवून तो क्रमांक पडताळतात. आपल्या लोकांत नेमकी इथेच चूक होते. भारतात परतणारं कुटुंब जाताना सायकल मित्राला देऊन जातं, नोंद मात्र जुन्याच नावावर राहते. मग चौकशीत सायकल ‘दुसऱ्याची’ निघते आणि मूळ मालक पुण्याला झोपलेला असतो. सायकल घेताना देणाऱ्याकडून हस्तांतरणाचा सहीचा कागद घ्या आणि दुकानात जाऊन आपल्या नावावर नोंद करा. रहिवासी कार्ड नेहमी खिशात. सायकलचा विमा तोकियोत एप्रिल २०२० पासून सक्तीचा आहे. तुमच्या घराच्या विम्यात तो आधीच आहे का, ते पाहा.

रहदारीत आपल्याला एक सोय आहे, इथेही डावीकडूनच चालवायचं. पण बाकी सवयी सोडाव्या लागतील. फुटपाथवर सहसा जिथे फलक परवानगी देतो तिथेच, आणि तेही सावकाश. जोडीने गप्पा मारत शेजारी-शेजारी चालवणं मना आहे. हातात छत्री धरणं मना आहे. हेल्मेट १ एप्रिल २०२३ पासून सर्व वयांसाठी कायद्याने अपेक्षित आहे. दंड नाही म्हणून ते घरी ठेवणाऱ्यांना मी एवढंच म्हणतो, डोकं सरकारचं नाही, तुमचं आहे. चालवताना फोन पाहिला तर नोव्हेंबर २०२४ पासून सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. सोळा वर्षं पूर्ण केलेल्या सायकलस्वारांना जागेवर दंडाची निळी चिठ्ठी देण्याची पद्धत १ एप्रिल २०२६ पासूनची, आणि तिच्यात फोनचे बारा हजार येन आहेत. नकाशा पाहायचा तर बाजूला थांबा, पाय टेका, मग पाहा. नदीकाठाच्या रस्त्यावर पहिला हक्क चालणाऱ्यांचा आहे. तिथे शर्यतीच्या आवेशात म्हाताऱ्यांच्या अंगावरून जाणाऱ्यांत एकही मराठी चेहरा दिसू नये, असं मला मनापासून वाटतं.

खाण्याचं काय, हा शाकाहारी घरांचा पहिला प्रश्न. कोपऱ्यावरचं कोनबिनी दुकान सगळीकडे आहे, पण भाताच्या बऱ्याच गोळ्यांत मासा असतो आणि उदोन-सोबाच्या पाण्यात बहुधा सुक्या माशाचा अर्क. उमेबोशीचा भात, केळी, साधा पाव, दही एवढं मिळतं. बाकी घरून न्या. दशम्या दोन दिवस छान टिकतात, शेंगदाण्याच्या लाडवासारखं इंधन कुठल्या पाकिटात मिळत नाही. डब्यात पातळ पोहे, मीठ, साखर, तिखट, तळलेले शेंगदाणे कालवून न्या. कोनबिनीत काही विकत घ्या आणि कपातल्या नूडल्ससाठी ठेवलेलं गरम पाणी विचारून त्यात घाला, पाच मिनिटांत न्याहारी होते. भूक लागेपर्यंत थांबू नका. दर तासाला थोडं खा, तहान लागण्याआधी पाणी प्या. बांधावर सावली नाही आणि मधल्या टप्प्यात दुकानही नाही.

ऋतू जपून निवडा. जूनमध्ये पाऊस, जुलै-ऑगस्टमध्ये दमट उन्हाची काहिली, सप्टेंबरात वादळं. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. डिसेंबरात तोकियोत साडेचारलाच सूर्य मावळतो. भारताच्या अंदाजाने सहापर्यंत उजेड धरून निघालात तर शेवटचा तास अंधारात जाईल.

पहिल्या दौऱ्याचा निकाल रविवारी सकाळी नोदाच्या हॉटेलात लागतो. उठल्यावर पुन्हा सीटवर बसावंसं वाटलं तर बेत बरोबर होता. नको वाटलं तर शनिवारी अंतर जास्त झालं, किंवा सीट चुकीची, किंवा खाणं कमी पडलं. यातलं काय ते तिथेच लिहून काढा. तिथून घरी गाडीने यायलाही मोकळीक आहे, पिशवी त्यासाठीच आहे.

आणि बरं वाटलं तर पुढची पायरी त्याच जोबान मार्गावर, तोरिदेच्या पलीकडे त्सुचिउरा. त्सुकुबा-कासुमिगाउरा रिंग-रिंग रोड तिथून सुरू होतो, सुमारे १८० किलोमीटरचा. नोव्हेंबर २०१९ मध्ये जपानने पहिले तीन राष्ट्रीय सायकलमार्ग जाहीर केले, त्यांतला हा एक. बाकीचे दोन म्हणजे बिवा सरोवराचा फेरा आणि शिमानामीचे पूल. एक भाग सरोवराच्या काठाने सपाट जातो, दुसरा १९८७ मध्ये बंद पडलेल्या त्सुकुबा रेल्वेच्या जुन्या रुळमार्गावरून, म्हणजे तिथेही चढ आगगाडीला झेपेल एवढाच. स्टेशनच्या इमारतीतच सायकलवाल्यांसाठी सोयी आणि सायकल खोलीत नेता येईल असं हॉटेल आहे. तीन दिवस ठेवा, रोज साठ किलोमीटर. ऑक्टोबरच्या मधल्या लांब सुट्टीची खोली उन्हाळ्यातच आरक्षित करा, नंतर मिळत नाही. आणि आरक्षण दोघांच्या नावाने करा.